दातांना तार लावण्याआधी एक प्रश्न विचारा: आधार कशाचा घेणार?



आधीच सांगतो, मी दंतवैद्य नाही. पारशिवनीत मधुमेह, रक्तदाब, ताप, खोकला बघणारा साधा फिजिशियन आहे. तरीही आज दातांच्या तारेवर लिहितो आहे, कारण गेल्या वर्षी माझ्या ओपीडीत घडलेला एक प्रसंग डोक्यातून जात नाही. संबंधितांना विचारून आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून तो इथे देतो.

एकोणीस वर्षांची एक मुलगी वडिलांसोबत आली होती. तक्रार थकव्याची होती, हिमोग्लोबिन कमी निघालं. घसा बघताना दात दिसले. सरळ रांगेत, छान चकचकीत, पण समोरचे दात ओठांच्या पुढे आलेले. ओठ मिटायला तिला जोर लावावा लागत होता. मी सहज म्हटलं, "भाऊ, दात पुढे आहेत, तार लावून मागे जातील." वडील क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, "डॉक्टर साहेब, तीन वर्षं तारच होती न जी. चार दात काढले, पैसे बी गेले, पण पोरीचे दात तं तसेच आहेत."

मी पुन्हा तोंडात पाहिलं. खरंच, वर दोन आणि खाली दोन अशा चार उपदाढा नव्हत्या. त्यांची जागाही शिल्लक नव्हती, पूर्ण भरून गेली होती. मग ती जागा गेली कुठे? समोरचे दात मागे यायला हवे होते, ते फारसे आले नाहीत. त्याऐवजी मागच्या दाढा पुढे सरकून आल्या आणि त्यांनी जागा खाऊन टाकली.

दंतवैद्यकात याला ‘अँकरेज लॉस’ म्हणतात. आपल्या भाषेत, आधार निसटणे. या एका गोष्टीवर तारेचा सगळा उपचार उभा असतो किंवा कोसळतो. आणि तार लावायला जाणारी माणसं नेमकं याबद्दलच काही विचारत नाहीत. ‘किती महिने लागतील?’, ‘तार दिसेल का?’, ‘पांढरी क्लिप मिळते का?’, ‘हप्ते पाडून मिळतील का?’ हे सगळं विचारतात. ‘दात मागे ओढताना तुम्ही आधार कशाचा घेणार?’ हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला गेला पाहिजे आणि डॉक्टरांनीही तो न विचारता समजावून सांगितला पाहिजे.

धुऱ्यावरचा कोपऱ्याचा खांब

‘अँकर’ला मराठीत नांगर म्हणतात. आमच्या विदर्भात नांगर म्हटलं की जमीन उलथवणारा नांगर आठवतो. कोकणातल्या माणसाला मात्र होडी जागेवर धरून ठेवणारा नांगरही आठवेल. दातांच्या बाबतीत हा दुसरा अर्थ घ्यायचा. काहीतरी हलवायचं असेल, तर दुसरं काहीतरी न हलता उभं राहिलं पाहिजे.

आमच्या भागात पेंचचं जंगल जवळ आहे, रानडुकरांचा त्रास मोठा. त्यामुळे धुऱ्यावर तारेचं कुंपण बहुतेकांनी केलेलं किंवा करताना पाहिलेलं असतं. तार ताणली की काय होतं? कोपऱ्याचा खांब आत झुकतो. तार खांबाला जितक्या जोराने ओढते, तितकीच ओढ दोन्ही टोकांना बसते. न्यूटनचा तिसरा नियम शाळेत आपण पाठ केला, तो इथे रोज दिसतो. म्हणून अनुभवी शेतकरी तार ताणण्याआधी कोपऱ्याच्या खांबाला तिरपा टेकू देतो, किंवा तो शेजारच्या खांबाशी बांधतो, किंवा खड्ड्यात काँक्रीट ओततो.

तोंडात अगदी हेच घडतं. समोरचे दात मागे ओढायला स्प्रिंग किंवा रबर लावतात. त्याचं एक टोक समोरच्या दातांकडे, दुसरं दाढेकडे. समोरचे दात जितक्या जोराने मागे ओढले जातात, तितक्याच जोराने दाढ पुढे ओढली जाते. इथे दाढ म्हणजे कोपऱ्याचा खांब. त्याला टेकू दिला नाही तर तो झुकणारच.

दाढ मोठी असते, मग ती का हलते?

हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर हाडात आहे.

दात हाडात सिमेंटने बसवल्यासारखा नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये साधारण पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. दातावर सतत हलका दाब दिला की ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड पेशी विरघळवतात आणि ज्या बाजूला ताण पडतो तिथे नवं हाड तयार होतं. दात असा हळूहळू, महिन्याला सुमारे एक मिलिमीटर या वेगाने, हाडातून वाट काढतो. दाब फार जास्त दिला तर त्या थरातला रक्तपुरवठा दबतो, पेशी मरतात आणि दात काही आठवडे अडकून बसतो. म्हणून ‘जोरात ओढा, लवकर होईल’ हा हिशेब इथे चालत नाही. श्वार्झ या शास्त्रज्ञाने १९३२ मध्येच सांगितलं होतं की मुळाच्या दर चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅम इतका हलका दाब पुरेसा असतो.

म्हणजे महत्त्वाचं काय, तर मुळाचं क्षेत्रफळ. वरच्या पहिल्या दाढेला तीन मुळं असतात आणि तिच्या मुळांचं क्षेत्रफळ समोरच्या पटाशीच्या दाताच्या जवळजवळ दुप्पट असतं. म्हणून ती चांगला खांब आहे. पण आपण ओढतो किती दात? वरच्या समोरच्या सहा दातांच्या मुळांची बेरीज केली, आणि दोन्हीकडची पहिली दाढ व तिच्या पुढची उपदाढ यांची बेरीज केली, तर दोन्ही आकडे जवळपास सारखेच येतात. गावच्या रस्सीखेचीत दोन्ही बाजूंना सारख्याच वजनाचे गडी उभे केले, तर रुमाल कुठे जाईल? कुठेच नाही, किंवा दोन्ही संघ थोडे थोडे पुढे सरकतील. तोंडात हेच होतं. काढलेल्या उपदाढेची जागा साधारण सात मिलिमीटर. त्यातली तीन मिलिमीटर दाढेने खाल्ली, तर समोरच्या दातांच्या वाट्याला उरली फक्त चार. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. चेहऱ्यावर, ओठ मिटण्यात तो चांगलाच जाणवतो.

आधार देण्याच्या पद्धती

दंतवैद्यांनी या अडचणीवर शंभर वर्षांहून जास्त काळ डोकं चालवलं आहे. मुख्य पद्धती सोप्या भाषेत सांगतो.

पहिली, खांबांची संख्या वाढवणं. दुसरी दाढही तारेत घेतली की आधाराच्या बाजूचा गडी वाढतो. काही वेळा सहाही दात एकदम न ओढता आधी सुळे मागे नेतात आणि मग पटाशीचे दात. समोरचा संघ दोन भागांत तोडायचा, एवढाच त्यातला डाव.

दुसरी, टेकू देणं. टाळूवरून जाणारी एक जाड तार डाव्या आणि उजव्या दाढेला जोडते. काही प्रकारांत तिच्या पुढच्या टोकाला प्लास्टिकची लहान गादी असते, ती टाळूच्या पुढच्या भागावर टेकते. मदत होते, पण मोठ्या ओढीपुढे हा टेकूही थोडा सरकतो.

तिसरी, तोंडाबाहेर आधार घेणं. यात डोक्यामागे किंवा मानेमागे पट्टा असतो. शेतातली तार थेट धुऱ्यावरच्या मोठ्या बाभळीला बांधल्यासारखं हे आहे. आधार पक्का, पण अट अशी की पट्टा रोज बारा-चौदा तास घालायचा. घातला नाही तर आधार शून्य.

चौथी, ओढ हलकी ठेवणं. ऑस्ट्रेलियाचे डॉ. बेग यांनी १९५० च्या दशकात बारीक तारेची आणि हलक्या ओढीची पद्धत मांडली. दात आधी कलता करायचा आणि मग मूळ सरळ करायचं. भारतातल्या दंत महाविद्यालयांत ती अनेक वर्षं शिकवली आणि वापरली गेली.

पाचवी, खुद्द हाडात आधार घेणं. हा काँक्रीटचा खांब. स्वीडनचे ब्रोनेमार्क यांनी टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हे १९५० च्या दशकात दाखवलं आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला दातांसाठी असे इम्प्लांट बसवले. तारेच्या उपचारात हाडातला स्क्रू वापरून पाहण्याचं काम क्रीकमोर आणि एकलंड यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांनी नाकाच्या तळाशी असलेल्या हाडात एक स्क्रू बसवून वरचे पटाशीचे दात वर सरकवले. १९९७ मध्ये जपानच्या कानोमी यांनी जेमतेम १.२ मिलिमीटर जाडीचा छोटा स्क्रू मांडला आणि गोष्ट सर्वसाधारण दवाखान्यापर्यंत आली.

आज जे ‘मिनी-स्क्रू’ वापरतात ते टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, साधारण सव्वा ते दोन मिलिमीटर जाड आणि सहा ते बारा मिलिमीटर लांब असतात. हिरडीत थोडं भुलीचं औषध देऊन दोन मुळांच्या मधल्या हाडात किंवा वर गालाच्या हाडाखालच्या कडेत ते बसवतात. काम काही मिनिटांचं. दात काढण्यापेक्षा कमी त्रासाचं. उपचार संपला की स्क्रू उलटा फिरवून काढतात आणि भोक आपोआप भरतं.

स्क्रू म्हणजे जादू नाही, हेही सांगायला हवं. दहापैकी एक-दोन स्क्रू सैल होऊन सुटतात आणि पुन्हा दुसऱ्या जागी बसवावे लागतात. बसवताना शेजारच्या मुळाला लागण्याचा धोका असतो. भोवती अन्न अडकलं आणि ब्रश नीट केला नाही तर हिरडी सुजते. लहान मुलांत हाड कोवळं असतं आणि आतले दात यायचे असतात, म्हणून तिथे जपून वागावं लागतं.

आणि प्रत्येकाला इतका पक्का आधार लागतोच असंही नाही. समोरच्या दोन दातांमधली फट बुजवायची असेल तर दोन्ही दात एकमेकांचा आधार घेतात, दोन्ही मध्ये येतात, तेच हवं असतं. कधी पडलेल्या दाढेची जागा मागची दाढ पुढे आणून भरायची असते, तिथे ‘खांब झुकणं’ हाच उपचार. म्हणून सरसकट सगळ्यांना स्क्रू लावणं मला पटत नाही. कोणता दात हलवायचा, कोणता नाही आणि किती मिलिमीटर, हा हिशेब आधी कागदावर असावा, मग साधन ठरावं.

त्या मुलीचं काय चुकलं?

आता मूळ गोष्टीकडे येतो. तिला तोंडाबाहेरचा पट्टा दिला होता. ती वसतिगृहात राहून शिकत होती. मुली हसायच्या, म्हणून पंधरा दिवसांत पट्टा पेटीत गेला. पावसाळ्यात धानाची रोवणी असली की घरचं कुणी सोबत यायला नसायचं, परीक्षा आल्या की ती स्वतः जायची नाही. दर महिन्याची भेट दोन-दोन, तीन-तीन महिन्यांवर गेली. स्प्रिंगची ओढ मात्र सुरूच होती. खांबाला टेकू नाही, तार ताणलेली. दाढा आपल्या पुढे येत राहिल्या.

मी तिला विचारलं, "तो पट्टा कशासाठी आहे हे तुला कुणी सांगितलं होतं का?" ती म्हणाली, "घाल म्हणून सांगितलं होतं. दात लवकर मागे जातात म्हणाले. नाही घातला तर उशीर होईल, एवढंच मला वाटलं."

माझ्या मते सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे. पट्टा नाही घातला तर उशीर होत नाही, जागा कायमची जाते. चार निरोगी दात देऊन मिळवलेली जागा. हे तिला कळलं असतं, तर कदाचित तिने रात्री खोलीत तरी पट्टा घातला असता. किंवा पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, "हे माझ्याकडून होणार नाही, दुसरं काही आहे का?" आणि दुसरं होतं.

दंतवैद्य मित्रांशी या विषयावर बोललो की ते म्हणतात, "पेशंट सहकार्य करत नाहीत, आम्ही काय करणार?" त्यांची अडचण मला कळते. माझे मधुमेहाचे रुग्णही गोळ्या सोडतात. पण त्यातून मी इतक्या वर्षांत एक शिकलो आहे. रुग्ण दिवसातून चार वेळा औषध घेणार नाही हे दिसत असताना मी चार वेळचं औषध लिहिलं, तर चूक एकट्या रुग्णाची नसते. जो उपचार रुग्णाच्या रोजच्या जगण्यात बसत नाही, तो पुस्तकात कितीही बरोबर असला तरी त्या रुग्णासाठी चुकीचा. खेड्यातून एसटीने येणारी, हंगामात शेतात राबणारी, वसतिगृहात राहणारी मुलं यांच्यासाठी रुग्णाच्या आठवणीवर आणि हौसेवर न टिकणारा आधार निवडायला हवा. त्यांच्या बाबतीत हाडातला स्क्रू ही मला चैन वाटत नाही, गरज वाटते. शहरातल्या दर आठवड्याला येऊ शकणाऱ्या मुलापेक्षा ती इथे जास्त आहे.

दुसरा आक्षेप असा येतो की इतकं तांत्रिक गर्दीच्या ओपीडीत कुठे समजवायचं? कुंपणाच्या खांबाचं उदाहरण सांगायला मला दोन मिनिटं लागली. त्या मुलीचे वडील लगेच म्हणाले, "मंग टेकूच नव्हता म्हणा न."

मी दात काढण्याच्या विरोधात नाही, हे पुन्हा स्पष्ट करतो. दाटी जास्त असेल, ओठ मिटत नसतील, तर उपदाढा काढणं हा जगभर मान्य असलेला मार्ग आहे. माझा आग्रह इतकाच की निरोगी दात काढण्याआधी, त्याची जागा कुणाच्या वाट्याला जाणार हे रुग्णाला सांगा.

फिजिशियन म्हणून माझं काम: खांब ज्या जमिनीत आहे ती जमीन

खांब कितीही चांगला असला तरी जमीन भुसभुशीत असेल तर उपयोग नाही. तोंडात ही जमीन म्हणजे हिरडी आणि हाड. इथे आमचा विषय येतो. हल्ली तिशी-चाळिशीतली माणसंही तार लावून घेतात, म्हणून हे जास्त महत्त्वाचं.

खर्रा: आमच्या भागातली सगळ्यात मोठी अडचण. पानठेल्यावरच्या सुपारीने तोंडाचं आतलं आवरण कडक होत जातं आणि तोंड उघडणं कमी होतं. ज्याच्या तोंडात दोन बोटं जेमतेम जातात, त्याच्या दाढेपर्यंत डॉक्टरचा हात जाणार कसा? शिवाय तंबाखूने हिरडीचा आजार वाढतो आणि हाड झिजतं. सिगारेट, बिडी ओढणाऱ्यांत स्क्रू सैल होण्याचं प्रमाणही जास्त दिसतं. खर्रा सुटल्याशिवाय तार लावू नका, हे मी सरळ सांगतो. कर्करोगाचा धोका तर वेगळाच.

मधुमेह: साखर आटोक्यात नसेल तर हिरड्या सुजतात, आधाराचं हाड कमी होतं. साखर आटोक्यात असेल तर मधुमेही माणूसही तार लावू शकतो. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणी करून घ्या आणि रिपोर्ट दंतवैद्याला दाखवा.

हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिली जाणारी औषधं: आठवड्याची ॲलेंड्रोनेटची गोळी किंवा वर्षातून एकदा दिलं जाणारं झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन. ही औषधं हाड विरघळवणाऱ्या पेशींना थांबवतात. मग दात सरकणंही मंदावतं, आणि दात काढल्यावर जबड्याची जखम भरायला त्रास होऊ शकतो. असं औषध चालू असेल किंवा पूर्वी घेतलं असेल तर ते लपवू नका, आणि स्वतःच्या मनाने बंदही करू नका.

सिकलसेल: हा आपल्या विदर्भाचा विषय. मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल शुक्ल आणि सोळंकी यांचा लेख १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. १ जुलै २०२३ रोजी केंद्राने मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सिकलसेल निर्मूलन मोहीमही सुरू केली. नुसता वाहक असाल तर सहसा अडचण नाही. पण आजार असेल तर हाडाचा रक्तपुरवठा नाजूक असतो. अशा मुलांना तार लावता येते, पण ओढ हलकी, दोन ओढींमध्ये विश्रांती जास्त, आणि शक्यतो दात न काढता काम व्हावं असं बघतात. आपल्या भागात तार लावण्याआधी सिकलसेलचं कार्ड विचारणं हा नियमच व्हायला हवा असं माझं मत आहे.

वेदनाशामक गोळ्या: तार आवळली की दोन-तीन दिवस दुखतं. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या, दात सरकण्यासाठी लागणारी रसायनंच कमी करतात, त्यामुळे प्रयोगांत दात सरकण्याचा वेग कमी झालेला दिसला आहे. एखाद-दुसऱ्या गोळीने बिघडत नाही, पण पहिली निवड पॅरासिटामॉल ठेवावी. फिट येऊ नये म्हणून फेनिटॉइन चालू असेल तर हिरड्या वाढतात, तेही दंतवैद्याला सांगा.

हे मात्र कधीच करू नका

मोबाईलवर व्हिडिओ बघून काही मुलं समोरच्या दोन दातांना रबर गुंडाळतात. फट बुजतेही. पण दाताचं मूळ टोकाकडे निमुळतं असतं. रबर घसरत घसरत हिरडीखाली जातं, दिसेनासं होतं आणि मुळाभोवतीचं हाड खात वर चढतं. चांगले, न किडलेले दोन दात हलू लागतात आणि कधी कधी गमवावे लागतात. मुलांच्या दातात असं रबर दिसलं तर ते ओढून काढून गप्प बसू नका, एक्स-रे काढून घ्या.

पारदर्शक अलाइनरनाही आधाराचा नियम लागू आहेच. एक अलाइनर दात साधारण पाव मिलिमीटर सरकवतो, तेही दुसऱ्या दातांचा आधार घेऊनच. तपासणी न करता घरपोच अलाइनर देणारी अमेरिकेतली ‘स्माइलडायरेक्टक्लब’ ही मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि अनेक रुग्ण अर्ध्या उपचारात अडकले. ज्याने तुमच्या हिरडीला हात लावून पाहिलं नाही, त्याच्याकडून दात सरकवून घेऊ नका.

पहिल्या भेटीत विचारायचे प्रश्न

हे प्रश्न मोबाईलमध्ये लिहून ठेवा आणि विनम्रपणे विचारा. चांगल्या डॉक्टरांना याचा राग येत नाही.

१. माझे समोरचे दात किती मागे न्यायचे आहेत, आणि दाढा किती पुढे आलेल्या चालतील?

२. दात काढावे लागणार का? काढले तर ती जागा कशासाठी वापरणार?

३. आधार कशाचा घेणार? दुसरी दाढ, टाळूवरची तार, बाहेरचा पट्टा की स्क्रू?

४. त्यात माझ्या हातात काय आहे? मी पट्टा किंवा रबर लावलं नाही, भेट चुकली, तर नेमकं काय बिघडेल?

५. स्क्रू सुटला तर पुन्हा बसवण्याचा खर्च कुणाचा?

६. सुरुवातीचे फोटो, दातांचे साचे आणि बाजूने काढलेला डोक्याचा एक्स-रे यांची प्रत मला मिळेल का?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. आधार निसटतो आहे का, हे आधीच्या आणि नंतरच्या एक्स-रेची तुलना केल्यावरच नीट कळतं. दर सहा-आठ महिन्यांनी ‘दाढ जागेवर आहे ना?’ एवढं विचारलं तरी पुष्कळ. वेळेत लक्षात आलं तर मध्येच स्क्रू बसवून उरलेली जागा वाचवता येते.

बीडीएसनंतर तीन वर्षांचं एमडीएस करून या विषयात तज्ज्ञ होतात. दात काढून करायच्या अवघड उपचारासाठी अशा तज्ज्ञाचं मत जरूर घ्या. खर्च परवडत नसेल तर नागपूरला मेडिकलच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, १९६८ पासूनचं. तिथे एमडीएसचे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली हे उपचार करतात. हिंगणा रोडकडच्या आणि वर्ध्याजवळच्या सावंगीच्या दंत महाविद्यालयांतही हा विभाग आहे. वेळ द्यावा लागतो, पण तिथे हिशेब कागदावर मांडूनच काम होतं.

त्या मुलीला मी नागपूरला पाठवलं. तिथल्या तज्ज्ञांनी सांगितलं की आणखी दात न काढता, अक्कलदाढांची जागा वापरून आणि गालाच्या हाडाखाली स्क्रू बसवून सगळेच दात काही मिलिमीटर मागे नेता येतील. पूर्ण नाही, पण ओठ मिटतील इतकं होऊ शकेल. पुन्हा दीड-दोन वर्षं तार. ती म्हणाली, "आधी हिमोग्लोबिन वाढवतो, मग बघू." निर्णय तिचा आहे आणि तिने तो घाईने घेऊ नये असंच मलाही वाटतं.

यावेळी मात्र ती दवाखान्यात गेली तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "सर, टेकू कशाचा देणार?" तुम्हीही हाच प्रश्न विचारा.

काळजी घ्या. दात दिवसातून दोनदा घासा, आणि खर्रा सोडा.